डाव्या खुर्चीतून उजव्या खुर्चीत

लीड्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना यीडनचा विमानतळ चांगलाच माहिती आहे. भारतातून आई-बाबा यायचे म्हटले की एकतर मँचेस्टर गाठायचं, नाहीतर अ‍ॅमस्टरडॅममार्गे येणाऱ्या विमानाची इथेच वाट बघायची. समुद्रसपाटीपासून ६८१ फुटांवर असलेला हा इंग्लंडमधला सगळ्यात उंचावरचा विमानतळ. आडवा वारा सुटला की विमानं तिरकी तिरकी उतरतात, आणि एखादं विमान टेकता टेकता पुन्हा वर निघून जातं. आतल्या लोकांचा जीव घशाशी येतो आणि बाहेरचे मोबाइलवर व्हिडिओ काढतात.

या जागेचा इतिहास मात्र सुट्टीच्या प्रवासाचा नाही. १९३६ मध्ये यीडनलाच ब्रिटिश हवाई दलाची ६०९ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या अ‍ॅव्हरोच्या कारखान्यात सुमारे ७०० लँकेस्टर बॉम्बर विमानं तयार झाली. आज इथून लोकांना स्पेन-ग्रीसला नेणारी जेट२ ही कंपनीसुद्धा फिलिप मीसन या हवाई दलातल्या माजी वैमानिकाने उभी केली. १९८३ मध्ये त्यांनी मालवाहतुकीची एक छोटी विमान कंपनी घेतली आणि १२ फेब्रुवारी २००३ ला जेट२चं पहिलं विमान लीड्सहून अ‍ॅमस्टरडॅमला उडालं. लष्करी विमान सोडून प्रवासी विमानाकडे वळणं ही इथल्या लोकांना रोजच्यातली गोष्ट वाटते.

आमच्या घरात मात्र याच गोष्टीवरून आठ महिने चर्चा चालू आहे. माझा मामेभाऊ भारतीय हवाई दलात आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, फ्लाइंग ब्रँच, एएन-३२ मालवाहू विमान. १४ वर्षं आता पूर्ण होतायत आणि त्याला एअरलाइनमध्ये जायचंय. मामी नागपूरला असते. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, विमानातलं मला काय कळणार? पण ‘तू तिकडे असतोस, तुला माहिती असेल’ या न्यायाने सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. मग मीही वाचत गेलो, दर रविवारी त्याच्याशी बोलत गेलो. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच घरांत असा एखादा फौजी भाऊ, भाचा, जावई असतो, म्हणून ते सगळं इथे मांडतोय.

मामीचा पहिला प्रश्न होता, ‘अरे, चांगली सरकारी नोकरी आहे, सोडतो कशाला?’ तर तो सोडत नाहीये, मुदत संपतेय. शॉर्ट सर्व्हिसमधल्या वैमानिकाला १४ वर्षांनी बाहेर पडावं लागतं. पेन्शनला लागणारी २० वर्षं भरत नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी मिळते पण पेन्शन नाही. वय छत्तीस-सदतीस, मुलगी तिसरीत, नागपुरातल्या फ्लॅटचं कर्ज अर्धंही फिटलेलं नाही. एअरलाइनमध्ये मात्र वैमानिक ६५ वर्षांपर्यंत उडवू शकतो. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं अजून हातात आहेत. मागणीही आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली. ती सगळी येईपर्यंत कुणीतरी चालवायला हवीच ना!

दुसरा प्रश्न नात्यातल्या सगळ्यांचाच. ‘एवढा अनुभव, मग परत परीक्षा कशाला?’ कारण हवाई दलाचं उडणं आणि नागरी परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवाई दलात उडवलेले तास प्रमाणित करून घ्यावे लागतात, पण डीजीसीएचे लेखी पेपर द्यावे लागतात, क्लास वन मेडिकल वेगळं, रेडिओ वापरण्याचा परवाना वेगळा. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या परवान्याला किमान १५०० तास हवेत. मालवाहू विमानवाल्यांचे ते सहज भरतात. लढाऊ विमानवाल्यांची एकेक फेरी तासाभराची असते, त्यांना तेवढे तास जमवायला फार वर्षं लागतात. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण. आधी वर्ग, मग सिम्युलेटर. खर्च कंपनीने उचलला तर ठीक, नाहीतर स्वतःच्या खिशातून काही लाख. इथे ब्रिटनमध्ये हवाई दलातून येणाऱ्यांना अनुभवानुसार काही सूट देणारी मिलिटरी अ‍ॅक्रेडिटेशन स्कीम आहे, पण पायऱ्या साधारण त्याच.

आणि एवढं करून बसायचं कुठे? उजव्या खुर्चीत. एएन-३२ वर हा डाव्या खुर्चीतला कॅप्टन. ईशान्येतल्या डोंगरांत मेचुका, विजयनगरसारख्या छोट्या धावपट्ट्यांवर विमान उतरवलेला माणूस. आता तो फर्स्ट ऑफिसर होणार आणि डावीकडे कदाचित त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान कॅप्टन असणार. सिनिऑरिटी शून्यापासून. मामा म्हणाले, ‘म्हणजे स्क्वाड्रन लीडरचा परत शिकाऊ झाला की!’ ते त्यांना फार लागलं होतं.

मामेभावाला ते तितकंसं लागलेलं नाही. त्याची काळजी वेगळीच आहे. तो म्हणाला, ‘दादा, विमान उडवायचं मी शिकेन रे. कधी नाही उतरवायचं ते नव्याने शिकावं लागेल.’

हे मला नीट समजायला वेळ लागला. डोंगरातल्या एखाद्या चौकीत रसद संपत आलेली असते. हवामानाची खिडकी तासाभराची. नियम तिथेही कडक असतात आणि अशक्य असेल तर विमान परत फिरतं. पण मनात कायम एक हिशोब चालू असतो, की आपण गेलो नाही तर तिथल्या माणसांचं काय? प्रवासी विमानात हा हिशोब उलटा होतो. गेलो नाही तर फार फार तर १८० माणसं वैतागतील, कुणाची पुढची फ्लाइट चुकेल, कंपनीचं इंधन जळेल. उतरताना एका ठरलेल्या उंचीला, ढगात असाल तर साधारण १००० फुटांवर, वेग, उतार, फ्लॅप्स सगळं ठरल्याप्रमाणे बसलं नसेल तर मान खाली घालून विमान वर न्यायचं. याला म्हणतात गो-अराउंड. लीड्सला टेकता टेकता वर निघून जाणारं विमान हेच करत असतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रिलीज मागे घेतला की मॅनेजर तोंड वाकडं करतो. वैमानिकाला मात्र त्याबद्दल कुणी जाब विचारू नये, अशी पद्धत चांगल्या एअरलाइन्सनी मुद्दाम रुजवली आहे.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे शेजारच्याचं ऐकणं. फौजेत हुद्दा खांद्यावर दिसतो. कॉकपिटमध्ये मात्र एक जण विमान उडवतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि चुकतंय असं वाटलं तर त्याने बोलायचंच असतं. हा धडा जगाला फार महागात मिळाला. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टी मोकळी आहे का अशी शंका काढली होती, पण ज्येष्ठ कॅप्टनने ती बाजूला सारली. त्यानंतर कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचंच वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. आज ते प्रत्येक एअरलाइनमध्ये सक्तीचं आहे.

मामीचा तिसरा प्रश्न तिने खूप उशिरा विचारला. ‘आपल्या साठे साहेबांचं काय झालं होतं रे?’

नागपुरात हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. विंग कमांडर दीपक साठे. वडील लष्करात कर्नल, आई-वडील नागपूरचे रहिवासी. एनडीएमधून हवाई दलात, अकादमीत स्वोर्ड ऑफ ऑनर, पुढे टेस्ट पायलट. २२ वर्षांच्या सेवेनंतर एअर इंडिया आणि मग एअर इंडिया एक्सप्रेस. ७ ऑगस्ट २०२० ला, कोविडच्या काळात दुबईहून लोकांना परत आणणारं त्यांचं विमान कोझिकोडला पावसात धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळलं. विमानात १९० जण होते. २१ गेले, त्यात साठे आणि त्यांचे सहवैमानिक दोघेही.

तपास अहवाल २०२१ मध्ये आला. पहिल्या प्रयत्नात ते गो-अराउंड करून वर गेले होते. दुसऱ्या वेळी विमान जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर टेकलं. ठरलेली पद्धत न पाळता अस्थिर अवस्थेत उतरणं चालू ठेवलं, हे संभाव्य कारण अहवालात दिलं आहे. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं, हेही त्यात आहे. आणि व्यवस्थेतल्या त्रुटीही नजरेआड करता येणार नाहीत, असंही म्हटलं आहे. हवाई दलाच्या सवयीमुळे हे घडलं असा अर्थ मी काढत नाही. दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता आणि पंधरा वर्षं ते नागरी विमानं उडवत होते. इतक्या मोठ्या माणसावरही तो क्षण येऊ शकतो, एवढंच मी त्यातून घेतो.

मी मामीला हे जसंच्या तसं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती थोडा वेळ गप्प होती. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ कोसळून १३ जण गेले, तेव्हा मामेभाऊ दुसऱ्या तळावर होता, पण त्याच विमानावर. ते आठ दिवस मामीने कसे काढले ते आम्हा सगळ्यांना माहिती आहे. काळजी करायला तिला कुणी शिकवायची गरज नाही.

मी तिला अमेरिकेतल्या कॅप्टन सलेनबर्गरबद्दलही सांगितलं. हवाई दलात फँटम उडवलेला माणूस. १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर त्याने विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ च्या १५५ वाचले. लोकांना त्याचे हात आठवतात. पण त्या साडेतीन मिनिटांत शेजारी बसलेला सहवैमानिक चेकलिस्ट वाचत होता, आणि सलेनबर्गरने त्याला विचारलंही होतं, काही सुचतंय का म्हणून.

मामेभावाचे दोन पेपर झालेत, बाकीचे राहिलेत. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी त्याने तीन गोष्टी सांगितल्यात. बाहेर पडायच्या दोन वर्षं आधी तयारीला लागा. सिव्हिल मेडिकल सगळ्यात आधी करून घ्या, कारण तिथे अडलं तर बाकीचा खर्च वाया. आणि लॉगबुकचे तास युनिटमध्ये असतानाच प्रमाणित करून घ्या, नंतर फार धावपळ होते.

चौथी गोष्ट माझी, आपल्यासारख्या नातेवाइकांसाठी. तो सुट्टीवर आला की ‘काय, आता बस ड्रायव्हर होणार का’ असं गमतीतही म्हणू नका. आणि पुढे कधी त्याने विमान उतरवलं नाही, तासभर उशीर केला, दुसऱ्याच गावाला नेलं, तर तो कुणाचा तरी मुलगा नीट घरी पोचवत असतो, एवढं लक्षात ठेवा.