ईएमडीआर : डोळे हलवल्याने नेमके काय होते?

आघातोत्तर ताणविकारावरील ईएमडीआर या उपचाराचा पहिला अभ्यास अमेरिकेतील फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण आघाताची आठवण मनात धरून थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांवर नजर ठेवतो. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची शिफारस केली. वाद उरला तो डोळ्यांचा. २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणात डोळे हलवण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ च्या दुसऱ्यात दिसला. एक स्पष्टीकरण असे : कार्यकारी स्मृतीची क्षमता मर्यादित, संगणकाच्या रॅमसारखी म्हणा. नजर फिरवण्यात ती गुंतली की आठवणीचे चित्र फिकट होते. उलटे आकडे मोजायला लावूनही प्रयोगशाळेत असा परिणाम मिळाला आहे. म्हणजे जादू बोटांत नसावी. तरी घरी व्हिडिओ लावून हे करू नये. आठ टप्प्यांतले पहिले दोन पूर्वेतिहास आणि मनाच्या तयारीचे असतात.