बिडाच्या जाळीची मिजास

दिवाळी अंकासाठी परदेशातल्या मराठी घरांतल्या एखाद्या वस्तूवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या मनात बहुधा पुरणयंत्र असावं. मी न्यू जर्सीतल्या बहिणीच्या परसातली कोळशाची ग्रिल निवडली.

ग्रिलचा इतिहास चार ओळींचा आहे. जॉर्ज स्टीफन शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होते. तिथे समुद्रातल्या बोयांसाठी धातूचे गोळे बनत. 1952 साली त्यांनी तसाच एक गोळा मधोमध कापला. खालचा अर्धा पायांवर उभा केला, वरच्याचं झाकण केलं. वारा आणि पाऊस अडले, हवेची भोकं कमी-जास्त उघडून आच हातात आली.

माझा जीव गुंतला तो मात्र जाळीत. ग्रिलसोबत आलेली पोलादी तारांची जाळी काढून भाऊजींनी बिडाची बसवली आहे. चार तुकड्यांची, आणि एकेक तुकडा उचलताना मनगटाला कळतो. तारेवर गार मांस पडलं की तार निवते. बिडाची जाड कांब साठवलेली धग सोडत राहते, म्हणून कोंबडीवर गडद, खरपूस पट्टे उठतात. भाऊजी निखारे पांढुरके झाले की झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं जाळी तापू देतात. तेल जाळीला लावत नाहीत, तुकड्यांना चोळतात. पहिला तुकडा मी चिमट्याने ओढायला गेले, तर म्हणाले, “थांबा, त्याचं त्याला सुटू द्या.” खालचा थर भाजून घट्ट झाला, तसा तो अलगद सुटला. कोकणात बिडाच्या तव्यावर घावन घालणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तव्यासारखीच ही जाळीही मुरवावी लागते. जवसाचं किंवा साधं खायचं तेल अगदी पातळ पुसून ती तापवायची. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि काळा, कडक थर धरतो. हात सैल सुटून तेल जास्त झालं की थर चिकट होतो. आणि जाळी निखाऱ्यांवर उगाच तासन्‌तास तापत ठेवली, तर हाच थर जळून जातो.

इथून पुढे नुसती कटकट आहे. बिडात कार्बन साधारण तीन टक्के, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. ओतायला हे सोयीचं, पण त्यानेच बीड ठिसूळ होतं. तापल्या जाळीवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. फरशीवर पडली तर दोन तुकडे. जाळीला विस्तव फारसा बाधत नाही, बाधतं ते जेवणानंतरचं. मसाल्यातलं मीठ कांबींवर राहतं, तळाची राख हवेतला ओलावा ओढते, आणि झाकणाखाली आठवड्याभरात तांबूस गंज चढतो. एनॅमल दिलेली जाळी बरी वाटते, पण त्याचा टवका उडाला की गंज नेमका तिथूनच आत शिरतो.

घासण्यातही धोका आहे. ब्रशच्या सुटलेल्या तारा अन्नातून पोटात गेलेल्या सहा रुग्णांची नोंद अमेरिकेच्या सीडीसीने 2012 साली केली. सगळे ऱ्होड आयलंडमधले. भाऊजी म्हणून लाकडी खरवडणी वापरतात. जाळी कोमट असतानाच खरवडतात, तेलाचा बोळा फिरवतात आणि ती उचलून गॅरेजमध्ये ठेवतात.

बहिणीचा यावर एकच शेरा आहे: “एवढी सेवा घरातल्या माणसाची तरी होते का?” बाजू तिचीही खरी आहे. पंगत उठल्यावर आणखी पाव तास राबायची तयारी नसेल, त्यांनी पोलादी तार वापरावी. पट्टे फिके उठतील, पण जाळी टिकेल.