डॉक्टरसाहेबांना विचारायला संकोच कसला?

फजरच्या नमाजला घरात सर्वांच्या आधी उठणारी माझी खाला त्या दिवशी उठलीच नाही. अम्मी जागे करायला गेली, तर खालाचे अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते आणि बोलणे अडखळत होते. शेजाऱ्यांकडून साखर तपासायचे यंत्र आणले. आकडा आला ४८. खाला शुद्धीवर होती, म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. वीस मिनिटांत ती सावरली, अल्हम्दुलिल्लाह.

दुपारी तिचा गोळ्यांचा डबा चादरीवर ओतला. मोहल्ल्यातल्या दवाखान्याची मधुमेहाची एक गोळी तिला दोन वर्षांपासून चालू होती. महिनाभरापूर्वी ती मुलीकडे राहायला गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. दोन्हींची नावे वेगळी, पाकिटांचे रंगही वेगळे. पण बारीक अक्षरांत दोन्हीवर औषध एकच छापलेले होते : ग्लिमेपिराइड. साखर उतरवणारे एकच औषध खाला दुप्पट घेत होती.

चूक कोणाची? पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येण्यासारखी नव्हती. दुसऱ्यांनी आधीची औषधे विचारली नाहीत. आणि खालाने सांगितली नाहीत. का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "बेटा, बाहेर एवढी गर्दी. डॉक्टरसाहेबांचा वेळ कशाला घ्यायचा? त्यांना वाईट वाटलं असतं तर?"

हा संकोच आपल्या घराघरांत आहे. डॉक्टरांचा आदर हवाच. पण आदर म्हणजे गप्प बसणे नव्हे. आपल्या इतिहासात तर डॉक्टरला जाब विचारण्याची रीत जुनी आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो इलाज करतो, त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येते, असा आशय अबू दाऊदमधील हदीसमध्ये आला आहे. नवव्या शतकातील हकीम इसहाक बिन अली अर-रुहावी यांनी आपल्या 'अदबुत्तबीब' या ग्रंथात सांगितले आहे की, हकीमाने रोग्याची हालत आणि दिलेले औषध लिहून ठेवावे, म्हणजे तक्रार झाल्यास इतर जाणकारांना ते तपासता येईल. अकराशे वर्षांपूर्वी जे अपेक्षित होते, ते आज मागायला लाजायचे कशाला?

आपल्या देशातील नियमही हेच सांगतात. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला असला पाहिजे. २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाली. औषधाचे मूळ नाव स्पष्ट, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे ठरले. मूळ नाव वाचता आले असते, तर खालाच्या दोन गोळ्या एकच आहेत हे औषध दुकानदारानेही ओळखले असते. युनानी आणि आयुर्वेदिक डॉक्टरांची नोंद आपल्या राज्यात महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, एमबीबीएस डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. भिंतीवर कोणताच क्रमांक नसेल, तर सावध व्हा.

दुसरी गोष्ट सुईची. "एक इंजेक्शन द्या, म्हणजे लवकर बरं वाटेल," असे आपणच डॉक्टरांना म्हणतो. साध्या तापाला, अंगदुखीला बहुधा गोळी पुरते. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा भागात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला ग्रासणाऱ्या काविळीची साथ आली आणि अनेकांचे जीव गेले. तपासात धागा सापडला तो दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजचा. नुसती सुई बदलून सिरिंज तीच ठेवली, तरी धोका राहतो. म्हणून इंजेक्शन खरेच गरजेचे असेल, तर "डॉक्टरसाहेब, नवं पाकीट आमच्यासमोर फोडाल का?" असे नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही.

तिसरी गोष्ट अँटिबायोटिकची. ज्या औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. सर्दी-पडसे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळी मुलाला दिलेल्या गोळ्यांतल्या उरलेल्या चार या वेळी मुलीला देणे, हा बचत नव्हे, धोका आहे.

आणि रमजान. मधुमेह असलेल्या कित्येक जणी डॉक्टरांना न सांगता सकाळची गोळी सहरीला आणि रात्रीची इफ्तारला घेतात. रोज्यात प्रमाण आणि वेळ दोन्ही बदलावे लागू शकतात. त्यामुळे रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा आणि रोजा ठेवणे झेपेल का, हेही विचारा. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. तेव्हा तपासणी टाळू नका. कोणाची साखर उतरून शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी किंवा साखर घालू नका, घास श्वासनलिकेत जाईल. थेट रुग्णालय गाठा.

आता आमच्या घरात दोनशे पानांची एक वही आहे. पहिल्या पानावर खालाचे आजार आणि कोणत्या औषधाची तिला ॲलर्जी आहे ते लिहिले आहे. पुढे प्रत्येक औषधाचे मूळ नाव, किती, केव्हा, कोणी दिले आणि कधी बंद केले. चिठ्ठ्या मागे चिकटवलेल्या असतात. दवाखान्यात जाताना वही सोबत जाते, हकीमसाहेबांचा काढाही त्यात लिहिलेला असतो. आत गेल्यावर तीनच प्रश्न विचारायचे : हे औषध कशासाठी? किती दिवस? आधीच्या औषधांबरोबर चालेल ना?

पहिल्यांदा वही पुढे केली, तेव्हा खालाचा हात थरथरत होता, या वेळी मात्र संकोचाने. मोहल्ल्यातल्या त्याच डॉक्टरांनी पाने उलटली, चष्मा वर केला, एक गोळी खोडली आणि म्हणाले, "खालाजान, पुढच्या वेळीही ही आणा बरं का."