बिघडलेला उन्हाळा आणि मधमाशांच्या वसाहती

उन्हाळा कोरडा जाईल असा भरंवसा सह्याद्रीच्या माथ्यावरील मधपाळास आतां उरलेला नाहीं. इ. स. २०२५ चा मे महिना बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्या वर्षीं मोसमी पाऊस ता. २४ मे रोजीं केरळांत व ता. २६ मे रोजीं मुंबईस पोंचला. मुंबईस तो इतक्या लवकर आल्याची पूर्वीं नोंद नव्हती. कांद्याच्या व आंब्याच्या नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली. ज्यांच्या बांधावर मधपेट्या आहेत त्यांच्या नुकसानीची चर्चा सहसा होत नाहीं, कारण तें नुकसान त्या दिवशीं डोळ्यांस दिसत नाहीं.

येथें आम्हीं महाबळेश्वराकडील सातेरी माशीचा विचार करीत आहों. ज्या मांघर गांवास मे २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर करण्यांत आलें, तें याच डोंगरांतलें. या भागांत वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्यांत माशीस बाहेर पडण्याची सवड क्वचितच मिळते. म्हणून उन्हाळ्यांत जांभूळ, हिरडा व गेळा यांचा जो मकरंद मिळतो, त्यावर मधपाळाची मिळकत व माशांची पावसाळ्याची बेगमी अशा दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. मे महिन्यांत पाऊस लागला म्हणजे फुलांतील मकरंद पातळ होतो, पराग धुवून जातो, आणि दुष्काळाचे चार महिने पांच होतात.

आतां थोडा हिशेब करूं. सातेरीच्या अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारें १९ ते २० दिवस लागतात. पुढचे दोन-तीन आठवडे ती पेटींतच राहते. अळ्यांस भरविणें, मेण काढणें, मकरंद आटविणें हीं तिचीं कामें. म्हणजे आज घातलेल्या अंड्याची माशी फुलावर जाण्यास पांच ते सहा आठवडे जातात. पराग येणें थांबलें कीं अळ्यांस खाद्य मिळत नाहीं, राणी अंडीं घालणें कमी करते किंवा अजीबात थांबविते. मेच्या मध्यास हें घडलें तरी त्या वेळीं पेटी गजबजलेलीच दिसते व धनी निर्धास्त राहतो. जून संपतां संपतां जुन्या माशा झिजून मरूं लागतात आणि त्यांची जागा घेण्यास मागें कोणी नसतें. पुढें सप्टेंबरांत फुलांवर जाणारी फौज ही जुलैच्या अखेरीपासून घातलेल्या अंड्यांची असते. तेव्हां भर पावसांत राणी अंडीं घालीत आहे कीं नाहीं यावर पुढचें सर्व पीक ठरतें. त्यांतून तें वर्ष कारवीच्या सामुदायिक फुलोऱ्याचें असेल, तर हुकलेली संधि पुन्हां सात-आठ वर्षांनींच येते.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा कीं, उन्हाळा बिघडला तर मधयंत्र बाहेर काढूं नये. अशा वेळीं मनुष्याचा कल नेमका उलट होतो. आधींच मध थोडा, तो पावसानें नासण्यापूर्वीं काढून घ्यावा, असें वाटतें. परंतु मेणाच्या झांकणानें बंद न झालेला मध कच्चा असतो. त्यांत पाणी शेंकडा २० हून अधिक राहिलें तर तो आंबण्याचा धोका असतो. दोन शेर आंबूस मधासाठीं संबंध वसाहत पणास लावणें हा कोणता व्यापार?

साखरेचा पाक द्यावयाचा तो उपासमार सुरू होण्यापूर्वीं. दर वसाहतीस आठवड्यास सुमारें २०० ग्रॅम साखर, तितक्याच पाण्यांत विरघळवून, संध्याकाळीं पेटीच्या आंत ठेवावी. एका ठिकाणच्या सर्व पेट्यांस एकाच वेळीं द्यावी आणि थेंबही बाहेर सांडूं देऊं नये. नाहींतर बलिष्ठ वसाहत दुबळीस लुटते. गूळ देऊं नये, त्यानें माशांस हगवण लागते. बाजारचा मधही देऊं नये, त्यांतून रोग येण्याची भीति असते. पाक चालू असतांना मधकोठी पेटीवर असूं नये, हें तर उघडच आहे. साखर मधाच्या भावानें विकणारास आमच्या पंक्तींत जागा नाहीं.

माशा कमी झाल्या कीं कडेचीं पोळीं उघडीं पडतात व तेथें मेणकिडा शिरतो. माशा झांकूं शकतील तेवढींच पोळीं आंत ठेवून बाकीचीं काढून घ्यावीं, व तळपाट आठवड्यांतून एकदां पुसून काढावा. पेटी दाराच्या बाजूस किंचित् उतरती असावी, म्हणजे आंत आलेलें पाणी वाहून जातें.

सातेरीचा स्वभाव मानी आहे. घरांत अन्न नाहीं व शांतता नाहीं असें दिसलें कीं ती घर सोडून जाते. अंडीं व अळ्या नाहींशा होऊं लागणें, मध संपणें, राणी बारीक दिसणें, हीं निघण्याचीं चिन्हें होत. दारास राणीजाळी लावून चार दिवस तिला थोपवितां येतें; पण पाक दिला नाहीं आणि बलिष्ठ वसाहतींतून अंड्या-अळ्यांचें एखादें पोळें आणून घातलें नाहीं, तर जाळीचा उपयोग तेवढाच. तें पोळें घेण्यापूर्वीं नीट न्याहाळावें. अळ्या पिशवीसारख्या होऊन, डोकें वर करून घरांत मेलेल्या दिसल्या तर तो विषाणूचा रोग समजावा. इ. स. १९९१-९२ च्या सुमारास याच रोगानें दक्षिण भारतांतील असंख्य सातेरी वसाहती नेल्या. त्यावर औषध नाहीं. अशी पेटी वेगळी करावी व तिचीं पोळीं इतरांस देऊं नयेत.

राहतां राहिल्या अगदीं दुबळ्या, दोन-तीन पोळ्यांच्या निरोगी वसाहती. त्या एकेकट्या पावसाळा काढणें कठीण. अशा दोन वसाहती एकत्र कराव्या. कमजोर राणी आदल्या दिवशीं काढावी. संध्याकाळीं एका शिशुकोठीवर बारीक भोंकें पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर दुसरी ठेवावी. माशा कागद कुरतडीत एकमेकींच्या वासास सरावतात. दोन दिवसांनीं दारापुढें कागदाचा चुरा पडलेला दिसला कीं त्या एक झाल्या असें समजून पोळीं एकाच कोठींत लावावीं.