वित्तकंपनीतली नोकरी: कामाची वाटणी आणि जबाबदारीचा प्रश्न

मागच्या वेळी आपण 'काम' आणि 'श्रम' या दोन शब्दांतला फरक पाहिला. आज एक नेमकं काम घेऊ. कर्ज देणाऱ्या, विमा विकणाऱ्या, गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या कंपनीत नोकरी करणं म्हणजे माणसाच्या दृष्टीने नेमकं काय असतं? तत्त्वज्ञानाच्या माणसाला याच्याशी काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण माझ्याकडे शिकून गेलेली कितीतरी मुलं आज या क्षेत्रात आहेत. ती भेटतात तेव्हा पगाराबद्दल थोडं बोलतात आणि झोपेबद्दल जास्त. म्हणून हा विषय.

आधी कामाची रचना समजून घेऊ. बँकेतर वित्तकंपनीतली एक साधी कर्जाची फाइल घ्या. दुचाकीची म्हणा, किंवा छोट्या दुकानदाराची. विक्रीवाला माणूस गिऱ्हाईक आणतो आणि अर्ज भरून घेतो. त्याच्या भाषेत याला 'लॉगिन' म्हणतात. मग फाइल 'क्रेडिट'कडे जाते. तिथला माणूस उत्पन्न बघतो, जुन्या कर्जांचा इतिहास बघतो आणि मंजूर-नामंजूर ठरवतो. त्यानंतर 'ऑपरेशन्स'. तिथे कागद तपासून पैसे सोडतात. आणि हप्ता चुकला तर 'कलेक्शन', म्हणजे वसुली. थकलेल्या खात्यांचे तिथे दिवसांप्रमाणे कप्पे असतात, ३० दिवसांपर्यंतचा, ६० पर्यंतचा, ९० पर्यंतचा. त्यांना 'बकेट' म्हणतात. ९० दिवस उलटले की ते कर्ज अनुत्पादक ठरतं.

आता बघा, ही वाटणी मुद्दाम केलेली आहे आणि तिच्यामागे शहाणपण आहे. एकाच माणसाच्या हातात सगळं दिलं तर तो खोटं कर्ज दाखवून पैसे उचलू शकतो. म्हणून नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची. रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठी एक नियम आहे, तो मला फार बोलका वाटतो. नाजूक जागांवर काम करणाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस सलग सक्तीची रजा द्यायची, आणि तीही आधी न कळवता. कारण साधं आहे. माणूस खुर्चीवर नसताना त्याचं काम दुसऱ्याच्या हाती जातं आणि लपवलेलं वर येतं. एरवी नोकरी विश्वासावर चालते असं आपण म्हणतो. इथे अविश्वासाचीच नीट व्यवस्था लावलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण पैसा दुसऱ्याचा आहे.

पण याच वाटणीची दुसरी बाजू आहे. ती समजायला जरा मागे जाऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ले केले. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शाळेत शिकलो. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यतः कशावर होता? खतं, कर्जरोखे, हुकूमनामे यांच्यावर. कागद जाळले. पुढे १८७९ साली कायदा आला, आणि नुसत्या खतावर न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

या इतिहासातून मला एक गोष्ट दाखवायची आहे. सावकार हा एक माणूस होता. कर्ज देणारा तोच, व्याज लावणारा तोच, दारात वसुलीला येणाराही तोच. गावाला त्याचा चेहरा माहीत होता, आणि त्यालाही माहीत होतं की आपण कुणाचं काय करतोय. कंपनीत हा एक माणूस चार खात्यांत वाटला गेला. विक्रीवाला म्हणतो, मंजूर मी केलं नाही. क्रेडिटवाला म्हणतो, मी आकडे बघितले, माणूस मी पाहिलाच नाही. वसुलीवाला म्हणतो, कर्ज मी दिलं नव्हतं, मी फक्त थकबाकी आणतो. प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे! आणि तरी शेवटी एखाद्या घरावर त्याच्या कुवतीबाहेरचा हप्ता बसतो. चार खरी वाक्यं मिळून एक अन्याय झाला, तर त्याचा कर्ता कोण? या नोकरीतला तत्त्वज्ञानाचा मुख्य प्रश्न माझ्या मते हा आहे. अफरातफर रोखण्यासाठी जी वाटणी केली, तीच जबाबदारीही पातळ करते.

यात भर पडते टार्गेटची. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस या कंपन्यांत कसे जातात, ते तिथल्या माणसाला विचारा. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलननीतीच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं. त्याचा आज सर्वत्र घेतला जाणारा अर्थ असा, की एखादं माप उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असं उद्दिष्ट होतं. २०१६ साली उघड झालं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली असावीत. नियामकांनी १८.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं सांगितलं. एका नोकरीतले पाच हजार लोक जन्मतःच लबाड असतील का? तसं मानणं सोपं आहे, पण पटणारं नाही. त्यांच्यापुढे रोज एक आकडा ठेवलेला होता, आणि तो आकडा ग्राहकाच्या गरजेतून निघालेला नव्हता.

तिसरी गोष्ट, ज्ञानाची दरी. हे उदाहरण कागदावर मांडून बघा. एक लाखाचं कर्ज, दोन वर्षं, 'फ्लॅट' १२ टक्के. म्हणजे व्याज २४ हजार, एकूण फेड १ लाख २४ हजार, हप्ता साधारण ५,१६७ रुपये. ऐकणाऱ्याला वाटतं, १२ टक्के म्हणजे ठीकच आहे. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. टेबलाच्या अलीकडच्या माणसाला हे माहीत असतं, पलीकडच्याला नसतं. ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जदाराला सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारं मुख्य माहितीचं पत्रक देणं सक्तीचं झालं आहे. चांगलं झालं. पण पत्रक हातात देणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं. कांटने म्हटलं, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. आता 'केवळ' हा शब्द नीट बघा. गिऱ्हाईक तुमच्या इन्सेन्टिव्हचं साधन असतंच, त्यात पाप नाही. भाजीवालीचंही आपण साधनच असतो. प्रश्न एवढाच, की सगळं समजल्यावरही त्याने सही केली असती का?

आणि चौथी गोष्ट मनाची. आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दोन नोकऱ्या शेजारी ठेवल्या. हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारा. एकीला स्वभावापेक्षा जास्त गोड व्हावं लागतं, दुसऱ्याला स्वभावापेक्षा जास्त कडू. दोघेही भावना पगारावर देतात. आपल्याकडे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, असे नियम आहेत. ते कर्जदाराच्या रक्षणासाठी आहेत. पण दिवसभर दुसऱ्यांच्या दारात कडू बोलून घरी गेलेल्या पंचविशीतल्या मुलाचं रक्षण कोण करतं? तो घरात मुका होतो किंवा चिडका होतो. घरच्यांना वाटतं, पोरगं बदललं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मग ही नोकरी करूच नये का?)

नाही, असं मी म्हणत नाही. कागदोपत्री कर्ज मिळालं नाही तर माणसं कुठे जातात, हे आपल्याला माहीत आहे. वेळेवर मिळालेल्या कर्जातून शिलाई मशीन येतं, टेम्पो येतो, पोरीची फी भरली जाते. हे काम नीट करणारा माणूस समाजाला हवाच आहे. आणि ज्याच्या घरी स्वतःचाच हप्ता चालू आहे, त्याला 'राजीनामा दे' असं व्यासपीठावरून सांगणं फार स्वस्त आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी एवढंच सुचवतो. एक, टक्के सांगाल तिथे रुपये सांगा: 'एक लाख घेताय, एक लाख चोवीस हजार फेडाल.' एवढं एक वाक्य तोंडाने म्हणा. त्याला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. दोन, आपण पुढे पाठवलेल्या फाइलचं वर्षाने काय झालं, ते अधूनमधून शोधा. विक्रीवाल्याने वसुलीवाल्याबरोबर चहा घेतला तर चार तुकड्यांतला माणूस पुन्हा एक दिसायला लागतो. तीन, जिथे पटत नाही तिथे शेरा लिहा. तोंडी कुरकुर हवेत जाते, फाइलवरचा शेरा राहतो. यासाठी थोडी किंमत मोजावी लागेल, कधी बढती लांबेल. ती मोजायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवतोय याची जाणीव ठेवून ठरवावं. 'मी फक्त माझं काम करतो' या वाक्यात तेवढंच ठरवणं राहून जातं.

आणि आपण, टेबलाच्या पलीकडचे? आपणही एक करू शकतो. फोनवर कुणी कर्ज विकायला आला तर नाही म्हणावं, पण अपमान करू नये. त्याच्या दिवसातला तो कदाचित साठावा फोन असेल.

पुढच्या व्याख्यानात याच धाग्यावर 'आज्ञापालन आणि विवेक' हा विषय घेऊ. तोवर घरात जे कुणी अशा नोकरीत असेल, त्याला एकदा विचारा, तुझा दिवस नेमका कसा जातो? आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.