स्टार ट्रेक : आवडते खूप, पण जहाजातून खाली कोण उतरतं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप, खास करून डहाणू लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क मध्येच गायब होतं त्यांच्यासाठी. विषय आहे स्टार ट्रेक. विरार ते डहाणू रोड या प्रवासात एक एपिसोड आरामात संपतो, दुसराही जवळपास होतोच. तर मी या मालिकेचा पक्का फॅन आहे आणि तिच्यावर वैतागलेलाही आहे. दोन्ही का, ते सांगतो. स्पॉयलर भरपूर आहेत. पण तीस वर्षं जुन्या गोष्टीचा स्पॉयलर दिला म्हणून कुणी रागावू नये.

आधी थोडी ओळख. जीन रॉडनबरी या माणसाने बनवलेली पहिली मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत सुरू झाली. तीन सीझन, ७९ एपिसोड, आणि १९६९ मध्ये बंद. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या काहींनी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलीय. मग १९८७ ते १९९४ 'नेक्स्ट जनरेशन', १९९३ पासून 'डीप स्पेस नाइन', १९९५ पासून 'व्हॉयेजर', आणि २०१७ पासून नव्या मालिकांची रांगच लागली. बहुतेकांत साचा साधारण एकच: एक मोठं जहाज, त्याचा कॅप्टन, रोज नवा ग्रह.

या सगळ्यात एक नियम आहे, प्राइम डायरेक्टिव्ह. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा आला. म्हणजे काय, तर ज्या ग्रहावरचे लोक अजून ताऱ्यांपर्यंत पोचलेले नाहीत, त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही. तंत्रज्ञान द्यायचं नाही, राजा बदलायचा नाही, 'आम्ही तुम्हाला सुधारतो' म्हणायचं नाही. अमेरिकेचं सैन्य व्हिएतनाममध्ये लढत असताना अमेरिकेच्याच टीव्हीवर हे चाललं होतं, हे लक्षात घ्या.

मुंबईच्या मित्राशी यावर बोललो की चर्चा फिलॉसॉफीची होते. डहाणू-तलासरीत बसून पाहिलं की ती वेगळीच होते, कारण 'बाहेरून आलेले लोक' हा आपल्याकडे फार जुना विषय आहे. सावकार, जमीनदार, वेठबिगार, आणि मग १९४५ चं तलासरीतल्या झरी गावच्या सभेपासून पेटलेलं वारल्यांचं बंड. डहाणूच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅट वीज तयार होते, ती मुंबईच्या उपनगरांत जाते. सूर्या धरणाचं पाणी वसई-विरारला जातं. बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग दोन्ही तालुक्यांतून जातो. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. प्रकल्प बरा की वाईट, यावर एकेका घरात दोन मतं आहेत. तो वाद आज नको. पण 'हलायचं की नाही' हा प्रश्न आपल्याला सायन्स फिक्शन वाटत नाही, एवढंच.

म्हणून मला सगळ्यात जास्त लागला तो 'डीप स्पेस नाइन'च्या पहिल्या सीझनमधला 'प्रोग्रेस' नावाचा एपिसोड, १९९३ चा. नावच बघा, प्रगती!

बाजोर नावाचा ग्रह परकीय सत्तेतून नुकताच सुटलाय. लोकांना ऊर्जा हवीय. एका चंद्राच्या पोटातून ती काढायची ठरते, पण मग तिथली हवा श्वास घेण्यासारखी राहणार नाही. चंद्र रिकामा करतात. राहतो म्युलिबॉक नावाचा म्हातारा शेतकरी आणि त्याच्यासोबतची दोन माणसं, ज्यांना बोलता येत नाही. त्याला हलवायला येते मेजर कीरा. ती स्वतः बाजोरची, परकीयांविरुद्ध बंदूक घेऊन लढलेली. म्हणजे खलनायक कुणीच नाही! ऊर्जा खरंच गरजेची आहे, हिवाळ्यात गरीब घरांना ऊब मिळणार आहे. म्हातारा हट्टी आहे, गोष्टी रंगवून सांगतो, आणि त्याचंही म्हणणं खरं आहे. त्याची मातीची भांडी भाजायची भट्टी अर्धवट बांधून पडलीय, तर कीरा तिथेच थांबून ती पुरी करायला मदत करते.

आणि शेवटी तीच ती भट्टी उडवते. त्याचं घर पेटवते. तो म्हणतो, इथून गेलो तर मरेन. ती म्हणते, नाही मरणार. दोघं किरणात विरघळून जहाजावर जातात आणि एपिसोड संपतो.

आता माझी तक्रार ऐका. म्युलिबॉकचं पुढे काय झालं? मालिका सांगत नाही. त्याला कुठे ठेवलं, जमीन मिळाली का, दुसरी भट्टी बांधली का? पुनर्वसन वसाहतीतल्या माणसाला विचारा, तो म्हणेल गोष्ट इथून सुरू होते. कॅमेरा मात्र कीराबरोबर परत जातो. तिला किती वाईट वाटलं, ते आपल्याला नीट कळतं. त्याला काय वाटलं, ते पंचेचाळीस मिनिटांपुरतंच.

'नेक्स्ट जनरेशन'मध्ये 'जर्नीज एन्ड' हा १९९४ चा एपिसोडही असाच. तहात एक ग्रह दुसऱ्या सत्तेला दिला जातो आणि तिथल्या अमेरिकन आदिवासींच्या वस्तीला उठवायचं काम कॅप्टन पिकार्डकडे येतं. शेवटी ते लोक नागरिकत्व सोडतात, पण जागा सोडत नाहीत. निर्णय त्यांचा, हे छानच. पण तह करताना त्यांना विचारलं कुणी? आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करायची, असं १९९६ चा पेसा कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होतं तो भाग वेगळा, पण निदान कागदावर आपण चोविसाव्या शतकाच्या पुढे आहोत, हां!

सगळ्यात जास्त चीड 'व्हॉयेजर'ने आणली. त्यातला चाकोटे हा अधिकारी अमेरिकन आदिवासी दाखवलाय. त्याची संस्कृती नीट दाखवायला सल्लागार घेतला जमाके हायवॉटर. हा माणूस स्वतः आदिवासी असल्याचं सांगायचा, आणि ते खोटं असल्याचं मालिका येण्याच्या दहाएक वर्षं आधीच उघड झालेलं होतं! परिणाम असा की चाकोटेचे विधी इथून-तिथून उचललेले वाटतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रं जगभर गेली. पण लग्नाचा चौक ज्या घरात लिहिला जातो, तिथल्या माणसाने कपावर छापलेला चौक बघितला की त्याचा चेहरा कसा होतो? चाकोटे बघताना माझा तसाच होतो.

नव्या मालिकांबद्दल थोडक्यात. 'डिस्कव्हरी'मध्ये दर सीझनला अख्खं विश्व धोक्यात. दिसायला भारी, पण गाव वाचवायची गोष्ट सांगायला वेळच नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स', २०२२ पासूनची, त्यातल्या त्यात बरी. ती परत एका एपिसोडात एक गोष्ट सांगते.

तरी मी बघतोच. कारण 'डार्मॉक'सारखा एपिसोडही हेच लोक लिहितात. १९९१ चा. सगळ्या भाषा आपोआप समजावणारं यंत्र तिथे फेल होतं आणि कॅप्टनला समोरच्याचं बोलणं स्वतः शिकावं लागतं, शेकोटीशेजारी बसून. तलासरीच्या बाजारात एका वाक्यात वारली, गुजराती, मराठी ऐकून वाढलेल्या कुणालाही तो आवडेल.

नवीन असाल तर पहिल्या सीझनपासून सुरू करू नका, कंटाळाल. आधी 'डार्मॉक', मग 'प्रोग्रेस', मग 'जर्नीज एन्ड'. मोबाईलवर आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि म्युलिबॉकचं पुढे काय झालं असेल, ते तुमच्या मते सांगणारा व्हॉइस मेसेज पाठवा. वारलीत पाठवलात तरी चालेल. पुढच्या भागात ऐकवू.