टाकीखालचा समुद्र

घरातली प्रवाळाची टाकी बघायला आलेला पाहुणा थेट काचेपाशी जातो आणि माशांत, डोलणाऱ्या पॉलिपांत रमतो. ज्याला स्वतःची टाकी उभी करायची आहे, त्याने मात्र आधी खाली बसून स्टँडचे दार उघडावे. पंप, नळ्या, फेस उडवणारे नळकांडे आणि पाण्याची दुसरी टाकी, सगळे तिथेच असते. या छंदाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास नजरेखालून घातला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसांनी प्रवाळावरचे लक्ष काढून त्याच्या पाण्याकडे वळवले, तेव्हाच प्रवाळ घरात जगले.

सुरुवात एका बाईंपासून होते. अॅना थिन या लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. 1846 साली त्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या असताना त्यांना तिथले मॅड्रेपोर, म्हणजे थंड पाण्यातले लहान कठीण प्रवाळ, इतके आवडले की ते लंडनला न्यायचे त्यांनी ठरवले. वाटेत ते आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते स्पंजवर टाचले आणि समुद्राच्या पाण्यासकट भांड्यात घालून घरी नेले. शहरात ताजे समुद्रजल रोज कुठून मिळणार? तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, असा मार्ग त्यांनी काढला. हे ओतण्याचे काम घरातली एक लहान मोलकरीण करी. पुढच्या वर्षी त्यात समुद्रवनस्पतींची भर पडली आणि ते प्रवाळ काही वर्षे टिकले. आजच्या टाकीतला पंप तेच काम करतो, आणि त्या मुलीचे नाव कुठे नोंदलेले नाही याची मला खंत वाटते.

त्यानंतर इंग्लंडात मत्स्यपात्रांचे वेडच आले. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये वनस्पती आणि मासे यांचा समतोल मांडला, 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. लाट ओसरली तीही लवकरच. पुढची जवळजवळ शंभर वर्षे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या दृष्टीने कोरडी गेली म्हटले तरी चालेल.

याचे एक कारण अगदी साध्या वस्तूंत होते. त्या काळच्या टाक्या लोखंडी अँगलच्या सांगाड्यात पुट्टीने काचा बसवून करत. गोड्या पाण्याला त्या पुरेशा होत्या. खारे पाणी मात्र सांगाडा खाते, आणि धातूचे अंश पाण्यात उतरले की प्रवाळ आणि शिंपल्यांसारखे बिनकण्याचे जीव आधी मरतात. म्हणून समुद्री मासे बघायचे तर समुद्राकाठच्या मोठ्या मत्स्यालयात जायचे. मुंबईकरांसाठी ते 1951 साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय. घरात गप्पी, गोल्डफिश, फार तर एंजल.

1960 च्या दशकात दोन अडसर दूर झाले. सिलिकॉनने नुसत्या काचेला काच चिकटवता येऊ लागली आणि धातूचा सांगाडा गेला. 1964 मध्ये ‘इन्स्टंट ओशन’ हे तयार समुद्री मीठ बाजारात आले. लिटरला साधारण 35 ग्रॅम या प्रमाणात ते विरघळवले की किनाऱ्यापासून शेकडो मैल दूरच्या घरातही समुद्राचे पाणी तयार.

त्याच सुमारास जाकार्तात ली चिन एंग यांनी वेगळीच वाट धरली होती. 1961 मध्ये त्यांनी आपली पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. त्यांच्या टाकीत गाळणयंत्र नव्हते. होते ते समुद्रातून आणलेले पाणी, हवेचे बुडबुडे आणि जिवंत खडक. हे खडक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सच्छिद्र सांगाडे. त्यांच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. आज प्रवाळाची टाकी म्हटली की खडक गृहीतच असतो. त्यामागे जाकार्तातल्या या माणसाचे निरीक्षण आहे, आणि त्यांचे ऋण मान्य करायला पाश्चात्त्य छंदिकांनी फार वेळ लावला असे मला वाटते.

खडकाला पुढची जोड जर्मनीत मिळाली. तिथे प्रोटीन स्किमर रुळला. उंच नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडायचे, सेंद्रिय मळ फेसाला चिकटून वर चढतो, तो कपात जमा करून फेकून द्यायचा. पीटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. वाढणारे प्रवाळ टाकीतला कॅल्शियम भराभर संपवतात आणि तो भरून काढला नाही तर वाढ खुंटते. दुसरीकडे टाकीतले पाणी रोज उडून जाते, पण उडते फक्त गोडे पाणी, मीठ मागेच राहते. मग ही तूट नुसत्या गोड्या पाण्याऐवजी चुन्याच्या निवळीने भरली तर? एकाच थेंबात दोन कामे होतात. निवळीचा पीएच 12 च्या आसपास असल्याने ती रात्री, थेंबथेंबच सोडायची. खडक, स्किमर आणि निवळी या त्रयीला पुढे बर्लिन पद्धत म्हणू लागले. बर्लिनच्या डीट्रिश श्टूबर यांच्या टाकीत अॅक्रोपोरा हा कठीण प्रवाळ इतका वाढला की त्याचे तोडलेले तुकडे छंदिकांमार्फत युरोपभर घरोघरी पोचले. घरात वाढलेला प्रवाळ दुसऱ्या घराला देता येतो, हे तिथे सिद्ध झाले.

स्टँडचे दिवस पालटले ते 1986 मध्ये. जॉर्ज स्मिट यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात लेखमाला लिहून डच धाटणीची छोटी प्रवाळटाकी वाचकांसमोर ठेवली. तिचे गाळणयंत्र टाकीखालच्या कपाटात होते. वरचे पाणी ओसंडून खाली यायचे, थरांतून झिरपायचे आणि पंपाने पुन्हा वर जायचे. त्या झिरपणाऱ्या थरांमुळे नायट्रेट साचते, हे लक्षात आल्यावर पुढे अनेकांनी ते काढून टाकले. खालची टाकी, म्हणजे संप, मात्र कायम राहिला. स्किमर, हीटर, निवळीची नळी सगळे तिथे गेले. तोवर स्टँडचे काम टाकी उचलून धरण्याचे होते; आता तो यंत्रघरही झाला.

हे सारे आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आणताना पहिला प्रश्न वजनाचा. 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टाकीत सुमारे 450 लिटर पाणी मावते. बारा मिलिमीटरच्या काचा, खडक, वाळू, भरलेला संप आणि स्टँड धरून एकूण वजन 700 किलोच्या पुढे जाते, आणि ते सगळे आठ चौरस फुटांवर उभे असते. राहत्या खोल्यांची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखलेली असते. म्हणून अशी टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, तुळईच्या आधाराजवळ हवी, आणि एवढ्या मोठ्या टाकीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावाच.

स्टँड बॉक्स पाइपचा वेल्ड करून घेतात. मिठाचे शिंतोडे सुकून पापुद्रे धरतात आणि त्याखाली लोखंड गुपचूप गंजते, म्हणून सांध्यांना इपॉक्सी हवे. कपाटाला एमडीएफ नको, ते फुगते. मरीन प्लाय घ्यावा. वर पाणसळ लावून चारही कोपरे एका पातळीत आणायचे. सपाट तळाच्या काचेखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घातली की बारीक उंचसखलपणा काचेला जाणवत नाही. संपातही जागा मोकळी ठेवावी लागते, कारण वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे बरेच पाणी खाली उतरते. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन असायचे. तेव्हा मुंबईबाहेर अशी टाकी ठेवायची तर इन्व्हर्टरशिवाय इलाज नव्हता. पाणी थांबले की प्राणवायू घटतो आणि मासे तडफडू लागतात.

पुढच्या दशकात मेटल हॅलाइडचे तापणारे दिवे जाऊन एलईडी आले. टाकी थोडी थंड राहू लागली, तरी एप्रिल-मेमध्ये चिलर लागतोच. पाणी दीर्घकाळ 30 अंशांच्या वर राहिले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. 1998 मध्ये लक्षद्वीपच्या खडकांवर हेच प्रचंड प्रमाणात घडले.

आणि मालवणच्या खडकांकडे पाहताना या छंदाची मर्यादाही सांगायला हवी. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. 2001 पासून सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून असा तुकडा तोडून आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच अनुसूचीतला गुन्हा आहे. मला हा कायदा पूर्ण पटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा प्रवाळ तिथेच, पाण्यात डोके बुडवून बघावा.

घरच्या टाकीसाठी कृत्रिम खडक मिळतो, आणि विदूषक मासे आता पैदाशीतून येऊ शकतात. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी अशा माशांच्या पैदाशीचे केंद्र उभारले आहे. हे मासे जन्मापासून टाकीतल्या पाण्याला आणि तयार खाद्याला सरावलेले असतात. तरी जोडी आणण्याआधी टाकी, संप आणि पंप माशांशिवाय महिना-दीड महिना चालू ठेवावा, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच दुकानात जावे.